डावीकडे जाणारी बाई

टीव्हीतली ज्योत्स्ना आपणहून डावीकडे चालायला लागली, तेव्हा सोफ्यावरची ज्योत्स्ना अगदी ताठ बसली होती आणि तिने काहीही दाबलेलं नव्हतं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. कारण पुढे आठवडाभर बहादरपुरात ज्याने त्याने तिला पहिला प्रश्न हाच विचारला, की वहिनी, तुमचाच हात लागला नसेल ना?

टीव्हीतली ज्योत्स्ना म्हणजे हिरव्या टोपीची, अंगापेक्षा डोकं मोठं असलेली एक बुटकी बाई. तिला एक शेत होतं, एक गाय होती, शेताच्या डाव्या अंगाला एक नदी होती आणि लाल सदऱ्याचा एक नवरा होता. त्या नवऱ्याला युगांडातून खरा नवरा, म्हणजे ललित, हलवायचा. तिथल्या एका कागदाच्या कारखान्यात तो सव्वा वर्षापूर्वी नोकरीला गेला होता आणि क्वार्टरमध्ये त्याच्या सोबत राहणाऱ्याकडे इथल्यासारखंच गेमचं यंत्र होतं. रविवारी दुपारी चार ते पाच, अडीच वर्षांची रोही झोपलेली असताना, नवराबायको मिळून गाजरं लावत.

सासऱ्यांना, भाईदासांना, ह्या गाजरांचा मनापासून राग होता. घरची नऊ एकर केळी. मुलगा शेती नको म्हणून समुद्रापार गेला आणि तिथे बसून शेतीच करतो. तीही गाजराची, जे ह्या शिवारात कुणी लावत नाही. खेळ चालू असला की ते घडीभर दारात उभे राहत, वाफे बघत, पाणी जास्त होऊन राहिलं असा शेरा मारत आणि निघून जात. एकदा त्यांनी गाय किती दिवसांची गाभण आहे असंही विचारलं होतं, पण नंतर ते कबूल केलं नाही.

ज्योत्स्नाला गाजरांचं काही पडलं नव्हतं. तिचं सगळं होतं ते कानात.

ललितचा फोन रोज यायचा, नाही असं नाही. पण तो फोन घराचा असायचा. जेवायच्या वेळी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ताटांच्या मधोमध उभा केला जाई, स्पीकर चालू. आधी भाईदास केळीवर करपा कुठपर्यंत आला ते सांगत. मग सासूबाई, आशाबाई, आमची काळजी करू नको हे तीन वेळा सांगत. शेजारच्या गोदाबाई आलेल्या असल्या तर तिकडे साबुदाणा मिळतो का याची चौकशी होई. रोही पडदा चाटून घेई. आणि शेवटी कुणीतरी घे, बोल म्हणून फोन पुढे सरकवला, की चार जणांच्या देखत ज्योत्स्ना म्हणे, जेवलात का? तो म्हणे, हो, तू? ती म्हणे, बसतेच आता. सव्वा वर्षात ती किती वेळा बसतेच आता म्हणाली असेल, देव जाणे.

एकटीने फोन करायचा तर गच्ची होती. पण गच्चीवर भिंतीपलीकडे गोदाबाई पापडांची राखण करत बसलेल्या असत आणि त्यांचे कान पापडांवर नसत. शिवाय त्याचा चेहरा समोर आला की ज्योत्स्ना नजर वळवायची, तो घाबरून काय झालं विचारायचा, आणि काही नाही, काही नाही म्हणण्यातच फोन संपायचा. लिहून पाठवायला गेलं तर लिहिलेलं दुसऱ्याच बाईचं वाटायचं. ते ती पुसून टाकायची आणि रोहीचा फोटो पाठवायची.

गेमच्या कंट्रोलरला जोडलेल्या हेडफोनमध्ये तसं नव्हतं. तिथे चेहराच नव्हता. दोघांची नजर गाजरांवर, आणि तो तिच्या कानात, ती त्याच्या. टोपलं दे गं, नदीकडचा वाफा राहिला, अशी कामाची बोलणी चालू असता असता मध्येच एखादं खरं वाक्य निघून जायचं. तिथे ती त्याला तू म्हणायची. ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून उघड्यावर ती त्याला कधी तू म्हणालेली नव्हती.

तर त्या रविवारी, दसऱ्यानंतरच्या पहिल्याच, हिरव्या टोपीची बाई टोपलं टाकून डावीकडे निघाली. ज्योत्स्नाने तिला उजवीकडे ओढलं. सोडल्याबरोबर ती परत डावीकडे. ललितने कानात विचारलं, "कुठे चाललीस?"

"मी नाही चालले. तीच चाललीये."

बाई वाफे तुडवत, गाईला धडकत नदीच्या काठाला गेली. ह्याच वेळी, बाईचे पाय पाण्यात असताना, ललितने ते वाक्य बोलायला घेतलं. म्हणाला की कंपनी करार आणखी दोन वर्षांनी वाढवून देतेय, पुढच्या सोमवारी सही करायचीये, आणि तुझं काय म्हणणं आहे?

ज्योत्स्नाने तोंड उघडलं. टीव्हीतली ज्योत्स्ना बुडाली. पडदा निळा झाला, नेट गेलं, आणि आतल्या खोलीत रोहीने भोकाड पसरलं.

तिचं म्हणणं दोन शब्दांचं होतं. ते तिच्या तोंडात तसंच राहिलं, आणि हाताशी एक आठवडा होता.

सोमवारी तिने कंट्रोलर बंद करून चालू केला. फुंकर मारली. उलटा धरून झटकला. ओढणीने पुसला. चार्जिंगला लावला, काढला, परत लावला. कुठलंही यंत्र बिघडल्यावर माणूस हे सगळं करतो आणि ह्याने काही होणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी त्यात निम्मा दिवस जातो. गोदाबाईंनी तो तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितला. त्यांचा मोबाईल मोरीत पडला होता तेव्हा तांदळानेच वाचला होता. हा ओला झालेला नाही हे ज्योत्स्नाने सांगून पाहिलं. गोदाबाई म्हणाल्या, ठेवायला काय जातं? मंगळवारी सकाळी तांदळातून निघालेला कंट्रोलर पूर्वीइतक्याच निष्ठेने डावीकडे जात होता, आणि दुपारच्या भाताला प्लास्टिकचा वास आहे असं भाईदासांचं म्हणणं पडलं.

मंगळवारीच तिने गेमच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी एक रेकॉर्ड केलेली बाई बोलली, मग दुसरी, मग बासरी वाजली. बासरी संपल्यावर जो माणूस आला त्याला ज्योत्स्नाने आपल्या बुऱ्हाणपुरी हिंदीत तक्रार सांगितली. त्याने ती ऐकून मोठ्या आपुलकीने विचारलं, मॅडम, आप मराठी हैं? हो म्हणताच त्याने तिला मराठी विभागाकडे जोडलं. मराठी विभागातल्या मुलीने गोड आवाजात पिनकोड विचारला आणि म्हणाली, हा तर मध्य प्रदेशचा आहे, आम्ही फक्त महाराष्ट्र बघतो, तुम्हाला हिंदी विभागाकडे देते. हिंदी विभागात आता दुसराच माणूस होता. त्यालाही तिची हिंदी ऐकून आपुलकी वाटली.

तिसऱ्या वेळी पुन्हा मराठी मुलगी आली, तेव्हा ज्योत्स्नाने विचारलं, की मी मराठीत बोलते आणि राहते मध्य प्रदेशात, तर माझी तक्रार नेमकी कुणाची? मुलीने काहीतरी टाइप करून पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, असा ऑप्शन नाहीये."

ज्योत्स्नाला वाटलं, हे हिने बरोबर सांगितलं. आपल्यासारखीला ऑप्शन नाहीये.

चौथ्या फेरीत एका भल्या माणसाने तक्रार लिहून घ्यायचं कबूल केलं. फक्त खातं ललितच्या नावावर होतं, म्हणून त्याच्या नंबरवर एक ओटीपी गेला होता, तेवढा सांगायचा. ललितचा इथला नंबर युगांडाला जाताना त्याने आईच्या बटणांच्या फोनमध्ये घालून दिला होता. ज्योत्स्ना धावत स्वयंपाकघरात गेली. आशाबाई कळण्याची भाकरी थापत होत्या आणि फोन त्यांच्या पोलक्यात होता.

"आई, एक आकडा आलाय बघा. तेवढा सांगा."

आशाबाईंनी हात धुतले, फोन काढला, लांब धरून वाचला आणि परत पोलक्यात ठेवला. "हा नाही सांगायचा," त्या म्हणाल्या. "बँकेचे साहेब ग्रामपंचायतीत येऊन सांगून गेले. पोटच्या पोरालाही सांगायचा नाही."

"अहो आई, हा बँकेचा नाहीये."

"तेही तेच सांगून गेले. समोरचा म्हणेल, बँकेचा नाही म्हणून."

पुढची काही मिनिटं ह्या घरात जो वाद झाला त्यात आशाबाईंची बाजू कायद्याने भक्कम होती. सून विश्वासू आहे हे त्यांना मान्य होतं, पण सुनेच्या कानाला लागलेला तो माणूस कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी भाईदासांनी अंगणातून हुकूम दिला आणि आशाबाईंनी नाइलाजाने, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, सहाही आकडे वाचून दाखवले. तोवर त्यांची मुदत संपली होती. दुसरा ओटीपी मागवला, तो मिळाला, तक्रार नोंदली गेली, आणि भल्या माणसाने सांगितलं की तुमच्या पिनकोडला घरून नेण्याची सोय नाही, कुरिअरने पाठवा, पोहोचल्यापासून बारा दिवस धरा.

ज्योत्स्नाने थँक्यू म्हणून फोन ठेवला. सबंध दिवसात ती तासभर फोनवर बोलली होती. रविवारचा तास सोडला तर इतकं सलग ती कुणाशी बोलल्याला महिने झाले होते.

बुधवारी धर्मेंद्रभाऊंनी प्रकरण हातात घेतलं. हे गोदाबाईंचे चिरंजीव. कागद मिलच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे कंट्रोलर हा आपला प्रांत आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मिलमधला एक व्हॉल्व्ह असाच आपणहून उघडायचा, त्याची पूर्ण हकीकत त्यांनी उभ्याउभ्या सांगितली. मग म्हणाले, "पहले फॉल्ट लोकेट करायचा, भाबी. टीव्हीत आहे का ह्याच्यात?" असं म्हणून ते कंट्रोलर आपल्या घरी घेऊन गेले, आपल्या नव्या टीव्हीला जोडून पाहिला, टीव्हीवरचा चॅनेल निवडायचा चौकोन सरसर डावीकडे जातो याची खात्री केली आणि फॉल्ट ह्याच्यातच आहे असा निकाल देऊन परत आणून दिला.

इथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. अशी यंत्रं ज्याच्याशी शेवटची जोडली जातात, त्यालाच मालक मानतात. ज्योत्स्नाने तो हातात घेऊन मधलं बटण दाबलं. तिच्या टीव्हीवर काहीच झालं नाही. तिने परत दाबलं. मग जोरात दाबलं. भिंतीपलीकडे गोदाबाई कीर्तन ऐकत होत्या. बुवांनी अभंगाला हात घातला आणि त्यांच्या जागी कुस्ती आली. गोदाबाईंनी रिमोटने बुवांना परत आणलं, तर चौकोन डावीकडे सरकत सरकत एका पोहण्याच्या स्पर्धेवर जाऊन थांबला, आणि तिथली मंडळी गोदाबाईंना कीर्तनाच्या वेळी पाहण्यासारखी वाटली नाहीत. त्यांनी टीव्हीला अंगारा लावला. संध्याकाळपर्यंत त्या घरात काहीतरी आहे, आणि ते डाव्या बाजूने येतं, हे आळीत पक्कं झालं.

खरा प्रकार ज्योत्स्नाला गुरुवारी उमजला. मोबाईलवर शोधून तिने वाचलं, की कंट्रोलरच्या पाठीवर बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी घालून पाच सेकंद दाबायचं, म्हणजे तो सगळे मालक विसरतो. टोकदार वस्तू शोधायला कुठे जायचं कारण नव्हतं. तिच्या बांगड्यांत तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. तिने मधली काढली, दाबली, पाच म्हणता म्हणता दहापर्यंत मोजलं.

कंट्रोलर सगळं विसरला. भिंतीपलीकडचा अंगारा गुणाला आला. आता तो आपल्या घरच्या यंत्राला नव्याने तारेने जोडायचा होता. घरात सात तारा निघाल्या. मोबाईलची, भाईदासांच्या टॉर्चची, रोहीच्या बोलक्या पोपटाची. सातही नुसत्या चार्जिंगच्या. त्यांतून वीज जात होती, निरोप जात नव्हता.

आठवी तार ललितच्या जुन्या मोबाईलच्या खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर होती. तिला एक कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तीवर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, 'हिला हात लावू नये, हीच चालते.' ज्योत्स्ना स्टुलावर उभी राहून ते अक्षर जरा जास्तच वेळ वाचत राहिली. खाली रोहीने पोपटाची तार तोंडात घातली, म्हणून उतरली.

कंट्रोलर जोडला गेला. पडद्यावर शेत उघडलं. हिरव्या टोपीची बाई नदीकाठी उभी होती, ओली, आणि लगेच डावीकडे निघाली. पण ज्योत्स्ना बघत होती वाफ्यांकडे. रविवारपासून तिने पाणी घातलं नव्हतं, तरी सगळे वाफे काळेभोर ओले होते. म्हणजे ललित मधल्या वारी येऊन गेला होता. एकटाच. पाणी घालून, थोडं थांबून गेला असेल. हेडफोन कानात घालून ती तशीच बसली. कानात काही नव्हतं, नुसतं वाऱ्याचं रेकॉर्डिंग होतं. बाई दुसऱ्यांदा नदीत गेली, तिने जाऊ दिली.

शनिवारी, आता कापाकापीशिवाय इलाज नाही असा धर्मेंद्रभाऊंचा सल्ला पडला. ते मिलमधली अवजारांची पेटी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक पांढरा टर्किश टॉवेल घेऊन आले. टॉवेल टेबलावर पसरला. आशाबाई आत फोडणीची तयारी करत होत्या, गोदाबाई नुसत्या बघायला आल्या होत्या. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला आणि कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. मग वरचं कवच टर्रकन उघडलं, आतली एक केसासारखी तार तुटली, आणि धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "ये तो हेडफोनवाली थी, चालेल." ज्योत्स्नाने कंट्रोलर परत घ्यायला हात पुढे केला. पण त्यांनी तोवर बाईला चालवायच्या डाव्या दांडीची टोपी उचकटली होती.

टोपीखाली लाल होतं.

सुकून खडखडीत झालेला लाल लगदा दांडीच्या बुडाशी सगळीकडून बसला होता. धर्मेंद्रभाऊंनी टूथपिकने तो खरवडला, नाकाशी नेला, डोक्याची बॅटरी त्यावर धरली. मग टूथपिकच्या टोकावर एक तांदळाचा दाणा निघाला. गोदाबाईंनी ताबडतोब सांगितलं की त्यांच्या सांगण्यावरून डब्यात ठेवला तेव्हाचा नाही, कारण हा पिवळा आहे. हळद लावलेला.

"बाहरी पदार्थ," धर्मेंद्रभाऊ म्हणाले. "कुंकू है, भाबी. और अक्षता."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

खंडेनवमीला ह्या घरात हत्यारांची पूजा होते. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर दारात. केळीचे घड कापायचे विळे, आशाबाईंचं शिलाई मशीन, कात्री, अडकित्ता पाटावर. ज्योत्स्ना त्या सकाळी रोहीच्या तापापायी आतच होती. पाटावर काय काय होतं ते तिने पाहिलंच नव्हतं.

आशाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

"समद्यांचं काही ना काही पाटावर होतं," त्या म्हणाल्या. "ललितचं काय ठेवू? जाताना सगळं घेऊन गेला. त्याच्या हाताचं हे एवढंच राहिलं वं घरात." मग थोड्या खालच्या आवाजात, "त्या गोल बटणावर फूल राहत नव्हतं. म्हणून कुंकू ओलं करून चिकटवलं."

सोमवारपासून ज्योत्स्नाने मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. ज्याने कुणी कंट्रोलरची ही दशा केली त्याला ते ऐकवायचं होतं, आणि ते चांगलं झणझणीत जमलं होतं. आता तिने ते आठवून पाहिलं तर त्यातला एक शब्द सापडेना. ह्या घरात ललितची वाट आपण एकटीच पाहतो, बाकीचे त्याला फक्त करप्याच्या बातम्या देतात, अशी तिची सव्वा वर्षाची समजूत होती. त्या समजुतीवर तिने बराच भार टाकलेला होता. ती निघून गेल्यावर तिला जरा रिकामंच वाटलं.

"फूल कोणतं होतं?" तिने विचारलं.

"झेंडूचं," आशाबाई म्हणाल्या. "लहानसं पाहून घेतलं होतं."

धर्मेंद्रभाऊंनी स्पिरिटने सगळं पुसून, उरल्या स्क्रूंवर कंट्रोलर बंद करून दिला. चाचणी झाली. बाई आता धावत नव्हती. पण सोडलं की रमतगमत, फिरायला निघाल्यासारखी, डावीकडेच जात होती. ऐंशी टक्के काम झालं, असं धर्मेंद्रभाऊ म्हणाले. मिलच्या व्हॉल्व्हचंही एवढंच झालं होतं. हेडफोन मात्र गेला तो गेला. आता ललितचा आवाज टीव्हीतून येणार, आणि ज्योत्स्नाचा कंट्रोलरमधल्याच एका बारीक माईकमधून जाणार.

रविवारी चार वाजले. रोही आज आत झोपायलाच तयार नव्हती, ती आशाबाईंच्या मांडीवर झोपली, आणि आशाबाई हॉलमध्ये टीव्हीच्या समोर. भाईदास पेपर घेऊन खुर्चीत. बाबा, आई, जरा आत जाता का, असं म्हणणारी सून बहादरपुरात अजून व्हायची होती. ज्योत्स्नाने आवाज अगदी बारीक केला.

शेत उघडलं. लाल सदऱ्याचा माणूस आधीच येऊन वाफ्यात उभा होता.

"आठवडाभर इथे येऊन बघत होतो, कुठे होतीस?" टीव्ही म्हणाला.

भाईदासांचा पेपर खाली आला. आशाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, परत टीव्हीकडे. "हा तर ललित," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात तो बोलतो? एवढे दिवस ह्याच्यात बोलून राहिला?"

सव्वा वर्ष त्यांची समजूत होती की खेळ मुका आहे आणि सून कानात गाणी ऐकत पुटपुटते. ज्योत्स्नाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात हिरव्या टोपीची बाई डावीकडे निघाली. ज्योत्स्नाने तिला ओढलं, ती परत निघाली. वाफा ओलांडला, गाईला वळसा घातला, समोर नदी.

लाल सदऱ्याने हातातली झारी टाकली. तो धावत पुढे गेला आणि तिच्या डाव्या अंगाला, नदी आणि तिच्या मध्ये, जाऊन उभा राहिला. बाई त्याच्या खांद्याला येऊन लागली. पाय हलत होते, पण पुढे जायला जागा नव्हती. ती थांबली.

ज्योत्स्नाने कंट्रोलर तोंडाजवळ नेला.

"सही नको करू," ती म्हणाली. "ये तू."

तिच्या तोंडून तू बाहेर पडला तो सासऱ्यांच्या देखत. तिला ते कळलं, आणि परत घ्यावासा वाटला नाही. भाईदास उठले, केळीकडे जाऊन येतो म्हणाले आणि आशाबाईंच्या चपला घालून बाहेर पडले. रविवारी दुपारी चारला केळीकडे काही काम नसतं.

नेट गेलं की काय म्हणून ज्योत्स्नाने वायफायच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा जळत होता.

मग आशाबाई पुढे सरकल्या, मांडीवरची रोही सावरत, आणि त्या बारीक माईककडे तोंड करून बोलल्या. "ललित, ती म्हणते ते ऐक रे बापा. मी आपली फोनवर म्हणत असते, आमची काळजी करू नको. ते म्हणायचं असतं म्हणून म्हणते."

"मी मागच्या रविवारी विचारलं," टीव्ही हळूच म्हणाला. "तू काहीच बोलली नाहीस. रोज फोनवर पण जेवलात का, एवढंच. मला वाटलं, तुझं ठीक चाललंय."

"नाही चाललेलं."

"माझंही नाही," तो म्हणाला. "मार्चपर्यंतचं जुनं कबूल केलंय, तेवढं पुरं करतो. उद्या त्यांना नाही म्हणून सांगतो. मग येतो."

ज्योत्स्नाने हो म्हणून नुसती मान हलवली. ती त्याला दिसणार नव्हती हे तिच्या लक्षात आलं नाही. आशाबाईंच्या आलं. "हो म्हणून राहिली," त्यांनी माईकला सांगितलं.

बराच वेळ झाला. वाफे वाळत चालले होते, गाय हंबरत होती, पडद्याच्या कोपऱ्यात कसलीशी घंटा वाजून सांगत होती की गाजरं काढायची वेळ टळून चाललीय. आशाबाई चष्मा सावरून बघत होत्या.

"दोघं नुसतीच उभी," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात काही करायचं नसतं का?"

"असतं, आई," ज्योत्स्ना म्हणाली. "आता नाही."

तिने कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला आणि हात काढून घेतला. पडद्यावरची बाई तशीच डावीकडे चालत राहिली, जागच्या जागी, त्याच्या खांद्याला लागून.